वरिष्ठांसमोर बोलण्यापूर्वी : लेकीस पत्र

प्रिय लेकीस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. यंत्रांची तपासणी न करताच नोंदवहीत सह्या होत आहेत आणि हे तू येत्या बैठकीत थेट वरिष्ठांसमोर मांडणार आहेस, हे वाचून मला काळजी वाटली, ते लपवत नाही. पण तू मला विचारले आहेस ते वेगळेच : देवावर विश्वास असूनही नुसत्या विचाराने हातपाय कापतात, तेव्हा माझा विश्वासच कमी पडतो आहे का?

यावर मला बायबलमधला यहूदी नहेम्या आठवतो. तो शूशन राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक होता. आपल्या पूर्वजांच्या यरुशलेम नगराचा तट पडला असून वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याला यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली, आणि तो राजाशी बोलला नीसान महिन्यात. मधले जवळजवळ चार महिने तो उपास आणि प्रार्थना करीत होता. तरीही राजाने ‘तुझे तोंड का उतरले आहे’ असे विचारताच आपल्याला फार भय वाटले, असे तो स्वतःच लिहून ठेवतो. ती भीती निराधारही नव्हती, कारण पूर्वी तक्रारीचे पत्र आल्यावर यरुशलेमची बांधणी थांबवण्याचा हुकूम अर्तहशश्तानेच दिल्याचे एज्राच्या पुस्तकात आहे. म्हणजे नहेम्याला यरुशलेम पुन्हा बांधायला जाण्याची नुसती रजा मागायची नव्हती, तर राजाचा हुकूम राजाकडूनच फिरवून घ्यायचा होता. चार महिन्यांच्या प्रार्थनेनेही त्याची भीती गेली नाही, आणि देवाने ती कमतरता मानल्याचे मला कुठेही दिसत नाही.

‘तुझी विनंती काय आहे?’ असे राजाने विचारले, तेव्हा त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे नहेम्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. तिचा एकही शब्द नोंदलेला नाही. राजा समोर खोळंबला असताना ती लांबण्याजोगी नव्हतीच. मग त्याने किती मुदत लागेल ते सांगितले, फरात नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे पत्रे मागितली आणि लाकडांसाठी राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावेही पत्र मागितले. कोणाकडे काय मागायचे, हे त्याने आधीच ठरवले होते. देवावर भरवसा असेल तर तयारी कशाला, असे म्हणणारी माणसे आपल्या मंडळीतही आहेत. मला ते कधीच पटलेले नाही. त्याने बोलायला सुरुवातही राजाला दीर्घायुष्य चिंतून केली, आणि शहराचे नाव न घेता, पूर्वजांच्या कबरा जिथे आहेत ते नगर उजाड पडले आहे आणि त्याच्या वेशी जळाल्या आहेत, एवढेच सांगितले. आदर राखल्याने त्याच्या सत्याची धार काही कमी झाली नाही.

तूही तसेच कर. जे डोळ्यांनी पाहिलेस ते तारखेसह सांग, जे ऐकलेस ते ऐकलेले म्हणूनच सांग, आणि शेवटी नेमके काय व्हावे अशी तुझी मागणी आहे, हे एका वाक्यात सांग. बाजू बळकट व्हावी म्हणून तिखटमीठ लावण्याचा मोह होईल. पण निकाल देवाच्या हाती आहे असे खरोखर मानणाऱ्याला ना फुगवून सांगावे लागते, ना कोणाला धाकात घ्यावे लागते.

मात्र बोललीस म्हणजे सगळे तुझ्या मनासारखे होईल, असे मी लिहिणार नाही. नहेम्याला पत्रे मिळाली, वर सोबतीला घोडेस्वारही मिळाले. हेरोद राजाला त्याची चूक तोंडावर सांगणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तुरुंग मिळाला आणि पुढे त्याचे शिर गेले. दोघांचा देव एकच होता. मूर्तीपुढे न वाकणाऱ्याला आगीच्या भट्टीत टाकण्याचा हुकूम बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने काढला, तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या तिघा यहूद्यांनी त्याला सांगितले की आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. भरवसा म्हणजे काय, हे मला त्या ‘नाही तरी’मध्ये जितके दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

नोकरीवर बेतलेच, तर घर आहे आणि आम्ही आहोत. नोकरी जाईल हा हिशेब मनात धरून तू शब्द गिळू नकोस. नोंदींच्या प्रती मात्र नियमात बसत असतील तरच जवळ ठेव, आणि बैठकीत काय ठरले ते त्याच दिवशी लिहून ठेव. बैठक किती वाजता आहे, ते बाबा विचारत आहेत. त्या वेळी आम्ही दोघे प्रार्थनेला बसणार आहोत, तेव्हा वेळ नक्की कळव.

तुझी,
आई