माईंच्या कवठी चाफ्याबद्दल थोडं खरं

पुणे, ९ मार्च

प्रिय बाळू,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर टाकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करायचा नाही, एवढी एकच अट. अक्षर वाईट आहे, सवय गेली. चालवून घे.

आधी वाईची खबर. कृष्णाबाईच्या उत्सवाला जाऊन आलो. आपल्या मधल्या आळीच्या घाटावर मांडव होता, देवी बसली होती, कीर्तन चालू होतं आणि माइकवाला पूर्वीइतकाच वाईट होता. प्रसादाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पोराने मला ‘आजोबा, सरकून बसा’ म्हटलं. हीच पोरं उद्या आपल्याला आपल्याच घाटावर ‘कुठून आलात?’ म्हणून विचारणार. पाणी बेताचंच होतं. ढोल्या गणपतीच्या मागे जाऊन त्या माशासारख्या निमुळत्या भिंतीला हात लावून आलो. रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधताना ती भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून तशी घेतली, हे आपल्याला इतिहासाच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं. आपण ते पाहूनच शिकलो होतो. श्रावणात घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं, पाण्यात नारळाची करवंटी टाकायची आणि ती भिंतीच्या डावीकडून जाते की उजवीकडून यावर पैज. तू कायम डावीकडे बोललास आणि कायम जिंकलास. तू आधी दोन करवंट्या टाकून बघत होतास, हे मला नंतर कळलं. या पत्रात पुढे जे येणार आहे त्याच्याआधी एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.

पूर ओसरला की पायऱ्यांवर बसलेला गाळ आठवतो? लोण्यासारखा, पायाच्या बोटांतून वर येणारा. तुमच्या माईंना तो झाडांसाठी हवा असायचा. एका पाटीला एक लाडू असा दर होता, आणि तीन पाट्यांनंतर माई लाडवाचा आकार लहान करायच्या. धोमचं धरण झाल्यावर वरचा गाळ वरच अडतो, त्यामुळे आता तसा गाळही नाही आणि लाडूही नाहीत.

तुमच्या परसाचा नकाशा मी अजून डोळे मिटून काढून देईन. मागच्या दाराच्या तीन दगडी पायऱ्या. उजवीकडे मोरी. मोरीच्या पाण्यावर अळू, त्यापुढे कर्दळ, मग विहिरीकडे जाणारी फरशी. फरशीच्या कडेला गुलबाक्षी, जी चार वाजता उमलायची आणि जिच्यामुळे माईंना घड्याळ लागत नव्हतं. विहिरीपलीकडे प्राजक्त. आणि मोरी आणि भिंत यांच्या बेचक्यात, जिथे ऊन फक्त सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत यायचं, तिथे तो. कवठी चाफा. उंची आपल्या खांद्याएवढी, पानं गडद, जाड, शिरा दिसणारी. कळी खाली मान घालून बसलेली, हुबेहूब कोंबडीच्या अंड्यासारखी. तुझी कोकणातली आत्या अंड्याला कवठ म्हणायची तेव्हा कुठे आपल्याला नावाचा उलगडा झाला, नाहीतर आपण कितीतरी दिवस त्या झाडाला कवठं कधी लागतात याची वाट बघत होतो.

कळीला हात लावायचा नाही हा माईंचा कायदा होता. संध्याकाळी दिवे लागले की कळी सैल व्हायची आणि पिकलेल्या अननसासारखा वास आधी मोरीत, मग स्वयंपाकघरात, मग ओसरीवर यायचा. ओसरीवर आपण भूमितीचे प्रमेय पाठ करत असायचो. मला आजही तो वास आला की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज आठवते. सकाळी बघावं तर फूल गेलेलं, पाकळ्या खाली, पांढऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या.

आणि पाचगणीची हायड्रेंजिया! ही गोष्ट मी इथे सोसायटीत इतक्यांदा सांगितली आहे की आता सगळे उठून जातात, म्हणून तुलाच सांगतो. नववीत होतो. सायकली ढकलत पसरणीचा घाट चढलो, एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर आलेली निळी फुलं बघून वेडे झालो आणि काडी मोडून शर्टात घालून पळालो. काडी जगली. दुसऱ्या वर्षी फुलं आली ती गुलाबी! तू म्हणालास, चुकीची काडी मोडलीस. मी म्हणालो, काडी तू मोडली होतीस. आठ दिवस अबोला. पाचगणीची माती जांभ्याची, तांबडी, आम्ल. तिच्यातलं ॲल्युमिनियम झाडाला मिळतं, म्हणून फूल निळं येतं. खाली वाईच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत ते मिळत नाही, म्हणून गुलाबी. बारा-तेरा किलोमीटरचा घाट उतरला की रंग बदलतो. हे मला पन्नाशीनंतर कळलं. माईंनी मात्र तेव्हाच निकाल दिला होता, ‘माहेरी निळी होती, सासरी गुलाबी झाली. भांडताय काय?’

आता मुद्द्यावर येतो. उगाच लांबण लावतोय हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

२००९ चा पावसाळा. वाडा बिल्डरकडे जायचं ठरलं होतं आणि तू बडोद्याहून, मी पुण्याहून, आठ दिवसांसाठी वाईला गेलो होतो. भांडी कुणाची, पाट कुणाचे, याच्या याद्या चालल्या होत्या आणि आपण दोघं बावन्न वर्षांचे घोडे मोरीजवळ उकिडवे बसून, चाफ्याच्या फांद्यांना झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुट्या बांधत होतो. पेन्सिलीएवढी फांदी, इंचभर साल गोल सोलून काढलेली, ओलं मॉस, वर प्लॅस्टिक, दोन्हीकडून सुतळी. पाच बांधल्या. माई पायरीवर बसून सूचना देत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘दोनच धरतील.’ दोनच धरल्या. एक तू नेलीस, एक मी.

तुझी बडोद्याच्या पहिल्याच मे महिन्यात गेली. तू त्याच संध्याकाळी फोन केलास, ‘गेली रे’ म्हणालास, आणि पुढे काही बोलला नाहीस. तो फोन मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझं झाड हे एकटं माझं राहिलं नाही. दर पाडव्याला तू विचारायचास, चाफा कसा आहे? माई गेल्या त्या वर्षी तर तू पहिलं तेच विचारलंस.

बाळू, तो चाफा २०२१ साली गेला.

सोसायटीत बोअरचं पाणी सुरू झालं. जड पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर बसणारं. दोन महिन्यांत नवी पानं पिवळी यायला लागली, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. लोह मिळत नाहीये हे मला कळत होतं, माती आम्ल करायला हवी हेही कळत होतं. लोहासाठी थोडं हिराकस घातलं. आठ दिवस वाट बघायला हवी होती, बघितली नाही. मग आठवलं की माई ताकाची भांडी विसळलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायच्या. विसळलेलं पाणी, बाळू. मी ताकच ओतलं. भांडंभर, एक दिवसाआड. वर जुलैचा पाऊस आणि कुंडीचं भोक मुळांनी बुजलेलं. कुंडी उपडी केली तेव्हा मुळं तपकिरी, बोटाने ओढली की साल हातात येत होती, आणि जो वास आला तो अननसाचा नव्हता. तीन फांद्या कापून लावल्या, वर प्लॅस्टिकची बाटली झाकली, संजीवक पावडर लावली. एकही धरली नाही.

मी तुला फोन करायला घेतला होता, खरंच. पण ते साल आठव. तुझ्या घरात काय चाललं होतं ते आठव. त्या आठवड्यात तुला आणखी एक ‘गेली रे’ ऐकवायचं माझ्याच्याने झालं नाही. महिन्याभराने कोकणात लग्नाला गेलो होतो, तिथल्या रस्त्यावरच्या नर्सरीत कवठी चाफा दिसला. घेतला. त्याच कुंडीत लावला. पाण्यासाठी गच्चीवर पावसाचा पिंप ठेवला, ताक घरातच प्यायलो. मग दिवाळीत तू फोटो मागितलास आणि मी पाठवला. पुढचं तुला माहीत आहे. तू ते फोटो भावंडांना पाठवलेस. गेल्या वर्षी उमललेल्या फुलाचा फोटो बघून तुझ्या ताईने मला फोन केला आणि रडली. तेव्हा मला लाज वाटली, आणि तरीही मी ‘हो ताई, माईंचाच’ म्हणालो.

मागच्या आठवड्यात तू म्हणालास की जूनमध्ये येतो, गुट्या बांधू, या खेपेला सावलीची जाळी घेतलीय. झोप उडाली माझी.

स्वतःची समजूत घालायला मी बरेच वकील उभे केले. म्हसवे गावचा तो अवाढव्य वडसुद्धा काढला. आठवतंय, मूळ बुंधा कुठला म्हणून तासभर पारंब्यांतून फिरलो होतो आणि सापडला नाही? १८८२ साली इंग्रज साहेबाने त्या वडाचा घेर मोजला तो १५८७ फूट भरला, पण त्यालाही मूळ कुठलं ते शोधावंसं वाटलं असेल का, वगैरे. हे कोर्टात टिकणारं नाही, मला कळतं. वडाची पारंबी वडाचीच असते, माझा चाफा नर्सरीवाल्याचा आहे. वास तोच आहे, एवढं मात्र नाक शपथेवर सांगू शकतं. पाकळ्यांचं म्हणशील तर मला त्या किंचित लहान वाटतात. तू बघून सांग.

वाईला मी माईंच्या चाफ्याचं काही उरलंय का ते बघायलाच गेलो होतो, उत्सव हे नुसतं निमित्त. आपल्या जागेवर आता चार मजले आहेत आणि मोरी होती तिथे दुचाकींचं पार्किंग. काही उरलं असेल अशी आशा नव्हती, तरी वाकून बघितलंच. वॉचमनला वाटलं माझं काहीतरी पडलंय. मागच्या कंपाउंडवर मात्र गोकर्ण चढली होती, पांढरी, दुहेरी पाकळीची. माईंची विहिरीवर होती तशीच. शेंगा वाळल्या होत्या, खिसाभर आणल्या. पत्रासोबत पुडी आहे त्यात वीसेक बिया आहेत. रात्रभर पाण्यात भिजव, मग लाव, साल कडक असते. आणि ती वेल माईंच्या वेलीच्या वंशातली की बिल्डरने लावलेली, हे मला विचारू नकोस. यापुढे मी कुणाच्याच वंशावळीची हमी देणार नाही.

जूनमध्ये ये. मॉस आणून ठेवतो, सुतळी आहे. ताईला काय सांगायचं ते तू ठरव, मी तुझ्या मागे उभा राहीन, जरा लांब. शिव्या द्यायच्या असतील तर फोनवरच दे, इथे आल्यावर सूनबाईंसमोर नको. आणि येताना लीलो चेवडो आण, दोन पाकिटं. एकावर भागत नाही.

तुझा,
नाना