खटका निर्दोष

प्रिय विन्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, फोनवर नुसतं 'बघू, भेटू' करत राहिलो. शिव्या नंतर घाल, आधी वाच. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तू मधेच 'बघ, मी म्हणत नव्हतो?' म्हणून ओरडला असतास आणि पुढचं ऐकलंच नसतंस.

काकांचा रेडिओ उघडला.

माळा आवरताना काकूंनी 'ने बाबा, नाहीतर भंगारात देते' म्हणून तो माझ्या गळ्यात मारला, तेव्हापासून टेबलाखालीच होता. इकडे जगभरचे टेप, पंखे, गजराची घड्याळं दुरुस्त झाली, याला हात लावायचा धीर होईना. 'विन्यानं खटका फिरवला आणि बंद पडला' असं काकांना सांगणारा मीच होतो ना. तुझ्याआधी. तू तोंड उघडायच्या आत.

मागचा पुठ्ठा काढला तर आत बोटभर धूळ आणि वाळलेलं कोळ्याचं जाळं. थेट वीज दिली नाही, घाबरू नकोस. आधी जुने फिल्टर कंडेन्सर बदलले (वरचा ॲल्युमिनियमचा डबा शोभेला तसाच ठेवला, नवे खाली लपवले), मग शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून हळूच चालू केला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा हळूहळू उघडला. विन्या, तो डोळा! पण आवाज शून्य, साधी गुणगुणही नाही. आउटपुटचा ईएल-८४ व्हॉल्व्ह बघतो तर आतली स्क्रीनची जाळी लालभडक. झटकन बंद केला.

याचा अर्थ एकच. व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरला पोचवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटली की व्हॉल्व्हच्या प्लेटला व्होल्टेज मिळत नाही आणि सगळा करंट बिचारी स्क्रीन ओढते. बंद केल्यावरही कंडेन्सरात अडीचशे व्होल्ट बसून असतात, ते रेझिस्टरमधून उतरवले, मग मीटर लावला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काहीशे ओम यायला हवेत. काही नाही. केसाएवढी तार आत कुठेतरी वितळलेली.

आता नीट ऐक. खटका बँड बदलतो, म्हणजे पार पुढच्या टोकाच्या कॉइल्स. मागच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर त्यानं जळत नाही. तो जाळतो एक मेणाचा कागदी कंडेन्सर, शेंगदाण्याहून जरा मोठा. आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज त्यानं पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचं, एवढंच त्याचं काम. म्हातारपणी तो झिरपायला लागतो. पुढे दहा लाख ओमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे मायक्रोअँपिअर झिरपला तरी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या जाळीवर, एक व्होल्ट चढतो. दहा झिरपले की दहा व्होल्ट, आणि व्हॉल्व्ह अधाशासारखा करंट ओढतो. आठवतंय, त्याआधी कित्येक दिवस आवाज फाटका येत होता? काका म्हणायचे, स्टेशनच खराब आहे. स्टेशन कसलं! तू खटका फिरवलास त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरनं प्राण सोडला, एवढाच तुझा गुन्हा.

इथपर्यंत पोचून मी खूश होतो. तुला चार ओळी लिहून माफी मागायची आणि मोकळं व्हायचं. पण तो कंडेन्सर शोधायला गेलो तर तो जागेवर नव्हताच! तिथे दुसरा, नंतरच्या काळातला, आणि त्याला सोल्डरचा वाटाण्याएवढा राखाडी डाग. असा डाग जगात एकच माणूस द्यायचा. कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली काड्यापेटी, तिच्यात जुना कंडेन्सर आणि काकांच्या अक्षरातली चिठ्ठी. 'बदलला. हाच का?' खाली तारीख. तू मामाकडे निघून गेला होतास ना, त्या आठवड्यातली.

चार दिवस माझ्या डोक्यात तेच घोळतंय. काकांना कंडेन्सरचा संशय आला होता. त्यांनी तो बदलला, रेडिओ लावला. आणि तो वाजला नाही. वाजणार कसा? चोर पकडला तरी गेलेला माल परत येत नाही, ट्रान्सफॉर्मर आधीच मेला होता. मग त्यांनी काय समजायचं? कंडेन्सर नव्हे, म्हणजे पोरानंच काहीतरी केलं. मी तो जुना साध्या मीटरवर तपासला, तर साधूसारखा निर्दोष. दोनशे व्होल्टवर दहा लाख ओमच्या जोडीनं धरला तेव्हा रेझिस्टरवर अठरा व्होल्ट दिसले. काकांकडे हे करायची सोय नव्हती.

तू कायम म्हणतोस, 'बाबांनी एकदाही माझी बाजू घेतली नाही.' मला वाटतं घेऊन बघितली, विन्या, आणि हरले. की मी एका प्रश्नचिन्हावर भलताच इमला रचतोय? नुसती दुरुस्तीच करत असतील. पण मग जुना सुतळीनं बांधून कशाला ठेवायचा? काकूंना विचारावंसं वाटतं, धीर होत नाही. तू विचार.

बाकी, चिऊचा निकाल कळला, शाब्बास सांग तिला. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? बदलीचं ठरलं का? माझी शुगर डॉक्टरांना आवडते आहे. ही अजून म्हणते, टेबलावरच अंथरूण घालून देते.

ट्रान्सफॉर्मर एका मेलेल्या सेटमधला मिळाला आहे, अजून जोडलेला नाही. काकांचा कंडेन्सर दोनशे व्होल्टवरही ठणठणीत आहे, तो राहील. पण त्यांचा तो डाग आतून सुका आहे, तार बोटानं हलते. पुन्हा तापवावा लागेल, आणि तापवला की तो त्यांचा राहणार नाही. हे मी एकट्यानं करणार नाही. दोन दिवस काढून ये. चिठ्ठी पोस्टानं पाठवणार नाही, इथेच बघ.

तुझा,
बाळ्या

ता. क. तुझ्या टेपचा पट्टा मी हरवला असं तू अजून सांगत फिरतोस म्हणे. तो हरवला नव्हता, रबर वितळून डांबर झालं होतं. माझ्या शर्टाला आठवडाभर चिकटलं होतं. त्याचे पैसे मिळणार नाहीत.