रेडिओच्या तेरा नंबरवर मला बोलायला लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तुम्ही बर्फ आणि आमिष घेता त्या धक्क्यावरच्या दुकानात इंग्रजीतलं चार ओळींचं कार्ड ठेवून आले आहे. त्यात जे मावलं नाही, ते इथे लिहिते.

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिअन्सला जाताना आय-टेन महामार्गावरचा, लुइझियानातल्या अचाफलाया नदीच्या दलदलीवरचा तो 18 मैलांचा पूल आम्ही कितीदा तरी ओलांडला. खाली पाण्यात उभे सायप्रस, त्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ (ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती, हे तुमच्याकडून कळलं). यंदा मुलीच्या सुट्टीत खाली उतरलोच. 16 फुटी ॲल्युमिनियमची होडी, मागे छोटं इंजिन, बायू सॉरेलहून मॉर्गन सिटीकडे. मी वाशिष्ठीच्या काठी वाढलेली. पाण्याचं मला काय मोठं, असा फुकटचा तोरा होता.

अचाफलायानं तो दोन तासांत उतरवला. वाट म्हणून ज्यात शिरलो, तो तेलासाठी खोदलेला कालवा निघाला. सरळ, रुंद, हमरस्त्यासारखा, आणि शेवटी बंद. टोकाला जलपर्णी. पुण्यात मुठेवर पाहिलेली, तीच जांभळ्या फुलांची! इंजिन थंड ठेवून मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, मग थांबली, मग भोंगा वाजायला लागला. इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

रेडिओ होता की. हातातला व्हीएचएफ, नवा कोरा, बंद करून पिशवीत ठेवलेला. मुलगी म्हणाली, "आई, मदत मागू या ना." मी म्हटलं, "तू बोल." अमेरिकेत वीस वर्षं काढूनही फोनवर, बँकेत, गॅरेजात बोलायची वेळ आली की मी तिलाच पुढे करते. माझे उच्चार ऐकून समोरचा "काय?" म्हणाला की माझी वाचाच बसते.

तेवढ्यात खेकड्यांचे पिंजरे लादलेली तुमची होडी आली. तुम्ही हसला नाहीत. इंजिन वर उचललंत, खालच्या जाळीतला गुंता बोटांनी उपसलात, तारेचा तुकडा घालून भोक मोकळं केलंत. धार परत सुरू झाली. "वारा नसेल तेव्हा पानं बघा. वाहत असतील तर वाट पुढे आहे. नुसती बसली असतील तर मागे फिरा," एवढंच सांगितलंत.

इतक्यावर तुम्ही गेला असतात तरी आभार मानलेच असते. पण तुम्ही कालव्याच्या तोंडापर्यंत बरोबर आलात, आणि तिथे वळणाआडून टग येताना दिसला. पुढे बार्जची, म्हणजे सपाट मालवाहू नावांची, लांबलचक रांग ढकलत. त्याच्या नाकासमोरची छोटी होडी केबिनमधून दिसतच नाही, हे तुम्ही सांगितलंत. जवळ आला की अरुंद पाण्यात तो काठचं पाणी ओढून घेतो, हेही. मग रेडिओ मागितलात, 13 नंबर, म्हणजे बोटी एकमेकींशी बोलतात तो चॅनेल, लावलात आणि माझ्या हातात दिलात. मुलीनं हात पुढे केला होता. तुम्ही मान हलवलीत. "होडी कोण चालवतंय? ती बोलेल."

मी म्हटलं, माझे उच्चार त्यांना कळणार नाहीत. तेव्हा तुम्ही वडिलांचं सांगितलंत. घरात फक्त फ्रेंच, आणि लुइझियानाच्या 1921 च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी. 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' असं पानंच्या पानं लिहावं लागलेलं पोर. पुढे तेच वडील टगवर कॅप्टन झाले आणि जन्मभर याच पाण्यावर त्याच उच्चारांनी बोलत राहिले. "इथे सगळ्यांचंच इंग्रजी वाकडं. तुम्ही फक्त कुठे आहात आणि कुठल्या बाजूनं जाणार, ते सांगा."

सांगितलं. 'एका शिट्टीवर', म्हणजे दोघांनी एकमेकांना डावीकडे ठेवून जायचं. आवाज कापत होता. पलीकडून जड, झोपाळू आवाज आला, "ठीक, कॅप. एका शिट्टीवर." कुणीही "काय?" म्हणालं नाही. काठचं पाणी खरंच ओसरलं, चिखल उघडा पडला, मग लाट परत आली आणि आम्ही नुसत्या डुललो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. म्हणून कार्डाबरोबर चकल्यांचा डबा ठेवला आहे. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत; तेव्हा तुम्ही तो ठेवूनच घ्या, नाहीतर तुम्हाला त्यात खेकडे भरून पाठवावे लागतील.

तुमची,
त्या 16 फुटी होडीतली आई