'आमचे वतीने' की 'त्यांचे वतीने'?

महोदय,

माझी थोरली बहीण मस्कतला असते. चिपळूणचा तिचा फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आली तेव्हा तिने चुलतभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, केलं. पुढे भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्याने ते काम रीतसर लिहून देऊन ओळखीच्या एका एजंटावर सोपवलं आणि भाडेकरूची पन्नास हजारांची अनामत घेऊन तो एजंट पसार झाला. बहिणीने भावाला जाब विचारला, तर म्हणाला, "ताई, कागदावर सही तुझीच आहे!"

कागद काढून पाहिला. वीजबिल आणि पाणीपट्टीच्या कलमांमध्ये दडलेली एक ओळ: 'सदर कामी आमचे वतीने अन्य मुखत्यार नेमण्याचा अधिकार राहील.' दस्तलेखकाकडचा तयार नमुना. आम्ही कोणीच तो धड वाचला नव्हता.

भारतीय करार कायदा, १८७२ याची कलमं १९० ते १९५ नेमकी यावरच आहेत. जे काम मुखत्याराने स्वतः करायचं पत्करलं, ते त्याला परस्पर दुसऱ्यावर ढकलता येत नाही. धंद्याची रीत तशी असेल किंवा कामच तसं असेल, तर गोष्ट वेगळी. मुखत्याराने आपल्या हाताखाली रीतसर नेमलेल्या माणसाच्या, म्हणजे उपमुखत्याराच्या कामाला मालक (अधिकार देणारा) बांधला जातो, पण मालकापुढे त्याच्याबद्दल जबाब मूळ मुखत्यारानेच द्यायचा. परवानगीशिवाय नेमला असेल, तर मालक बांधलाच जात नाही. मात्र मालकासाठीच दुसरा माणूस नेमण्याचा अधिकार मुखत्याराला दिला असेल, तर तो दुसरा थेट मालकाचा मुखत्यार ठरतो. मग पहिल्याने निवड शहाण्या माणसासारखी केली का, एवढंच पाहिलं जातं. आमच्या कागदातलं 'आमचे' म्हणजे सही करणारी बहीण; त्याऐवजी 'त्यांचे वतीने', म्हणजे मुखत्याराच्या वतीने, असतं तर भावाला हात झटकणं इतकं सोपं गेलं नसतं. (अनामत शेवटी बहिणीनेच भरली.)

दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांकडे फोटो निघतो, अंगठा घेतात, 'दस्त तुम्हीच लिहून दिलात ना?' असं विचारतात. आत काय लिहिलंय, हे कोणी विचारत नाही आणि कायद्याने ते त्यांचं कामही नसेल. तरी या एका ओळीसमोर 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून वेगळी सही घ्यायला काय हरकत आहे? नोंदणी विभागाने एवढं करावं. दस्तलेखकांनीही ती ओळ नमुन्यातून काढून टाकावी. ज्याला हवी असेल तो सांगून घालून घेईल.

– एक वाचक, डोंबिवली