इथे तर सगळे ख्रिस्तीच, मग तू कशाला?

प्रिय आई आणि पप्पा,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा फोन मध्येच कटला आणि पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. "तिथे तर सगळे ख्रिस्तीच आहेत म्हणतेस, मग तू मिशनरी कशाची?" पप्पा, प्रश्न चुकीचा नाही. आफ्रिकेतल्या या मलावीत चारांतली तीन माणसं ख्रिस्ती. इथल्या ब्लँटायर शहरात स्कॉटलंडचं मिशन 1876 मध्ये आलं, आपल्या नगरला अमेरिकन मिशन 1831 मध्ये. वयाने आपली मंडळी थोडी मोठी, एवढंच. तेव्हा मी इथे कुणाला बायबल उघडून दाखवत नाही. नर्सिंगच्या मुलींना बाळंतपणं शिकवते, बस.

नवल त्यांनाच माझं वाटतं. इथे भारतीय माणूस म्हणजे 'अम्वेन्ये', आणि अम्वेन्ये म्हणजे दुकानदार. लिंबेच्या बाजारात गुजराती लोकांची दुकानं आहेत, हिंग-तूरडाळ मी तिथूनच आणते (आई, पार्सलच्या भानगडीत पडू नकोस). मी पहिल्यांदा उपासनेला गेले तेव्हा बायकांना वाटलं, कुणाची तरी उधारी वसूल करायला आले असेन. आता हसतात त्यावर.

आईसाठी जेवणाचं सांगते. रोज न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, हाताने तोडून खायचा. जेवणाआधी कुणीतरी लहान मूल तांब्या घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी घालतं. सोबत पालेभाजी, नाहीतर उसिपा, ही तळ्यातली बारीक वाळवलेली मासळी आपल्या सुकटीच्या जातीची. तिखट नसतं हे खोटं. 'नाली' नावाचा सॉस आहे, पप्पांच्या डोळ्यांतून पाणी काढील.

अवघड गेलं ते वेगळंच. इथे कुणी वारलं की काम थांबतं. वॉर्डातल्या सिस्टरचा लांबचा मामा गेला तरी दवाखान्याची गाडी भरून निघते, माझा तास रिकामा. बायका चितेन्जे, म्हणजे कमरेचं छापील कापड, गुंडाळून, डोक्याला रुमाल बांधून आत मयताजवळ जमिनीवर बसतात, पुरुष बाहेर, आणि रात्रभर गाणी. मुलांजेच्या डोंगरावर 2023 च्या फ्रेडी वादळात कोसळलेल्या दरडींचे पट्टे अजून दिसतात. त्या वेळी देशात सहाशेहून जास्त माणसं गेली. या भागातल्या बायका किती घरांत अशा बसल्या असतील! तरी सुरुवातीला माझी चिडचिड व्हायची, अभ्यासक्रम संपणार कधी म्हणून.

मग आत्या गेली. तिच्या मातीला मी नव्हते, ते तुम्हाला माहीत आहे. मी फक्त मेट्रनला सांगितलं आणि ड्यूटीवर उभी राहिले. तिने मला घरी पाठवलं. संध्याकाळी चर्चच्या महिला मंडळाच्या, म्हणजे 'म्व्हानो'च्या बायका आल्या. आल्या त्या थेट आत. टेबल-खुर्च्या बाहेर काढल्या, चटया अंथरल्या. कुणाच्या डोक्यावर पिठाचं टोपलं, कुणाच्या डोक्यावर सरपण. माझ्याकडे विजेची शेगडी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी सरपण आणलं. बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. मग आत्याचं नाव विचारलं. 'सुमन' धड म्हणता येईना, तरी प्रत्येकीने प्रार्थनेत ते घेतलं. मला म्हणाल्या, तुमच्याकडचं गाणं म्हण. मी ना. वा. टिळकांचं भजन म्हटलं, पप्पा पेटीवर वाजवतात तेच. दुसरं कडवं आठवेना. तोवर एकीने खालचा सूर धरला होता, ती काही थांबली नाही, मग बाकीच्याही गुणगुणल्या. एक म्हातारी रात्री माझ्या शेजारीच झोपली. सकाळी आणलेल्या पिठाची लापशी झाली, भांडी घासून झाली आणि त्या गेल्या. आत्याला त्यांच्यातल्या कुणीही पाहिलं नव्हतं.

पप्पा, आता कुणाच्या मयताला जायचं झालं की तासाचं वेळापत्रक मीच बदलते आणि मुलींबरोबर गाडीत बसते. बसायचं कसं, गुडघे दुखले तरी हलायचं नाही, हे आत्ता कुठे जमतंय. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

मिशनने आणखी दोन वर्षं थांबशील का म्हणून विचारलं आहे. मला हो म्हणायचं आहे, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय कळवणार नाही. मनात येतं ते लिहूनच टाकते: तुमच्यापैकी कुणाला काही झालं तर पोचायला मला दोन दिवस लागतील. हा हिशेब मी रोज करते, तुम्हीही करत असाल. म्हणून पप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझी वाट न बघता दिवाळीआधी उरकून घ्या, दादाला रजा काढायला मी सांगते. नाताळला मला जमणार नाही. ईस्टरला येईन, तिकीट काढलं की कळवते. आई, गुडघ्याचा पट्टा पेटीत ठेवायला घेतलेला नाही.

पाळकसाहेबांना सलाम सांगा. रविवारी फोन तुमच्या संध्याकाळी सातनंतरच करा, तेव्हा इथे साडेतीन वाजलेले असतात. त्याआधी उपासना सुटल्याची खात्री नाही, सगळ्या गायनमंडळ्यांना आपापलं गाणं म्हणायचंच असतं.

तुमची,
धाकटी