टोलचा दांडा उचलाल साहेब, मग भांडायचं कोणाशी?

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : बिनदांड्याचा टोल, गावाकडच्या गाड्या आणि बाहेरून येणारे पाहुणे

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण नागपूरचे, म्हणजे घरचेच. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

मार्च २०२१ मध्ये आपण लोकसभेत सांगितलं की वर्षभरात टोलनाके काढू आणि गाडी जितकी चालेल तितके पैसे जीपीएसवरून कापू. वर्ष सरलं, नाके तिथंच उभे. मार्च २०२२ मध्ये सांगितलं की ६० किलोमीटरच्या आतले दुबार नाके तीन महिन्यांत बंद होतील. ते तीन महिने कोणत्या पंचांगातले होते, हे अजून कळलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, उपग्रहाशी जोडलेलं यंत्र गाडीत असेल तर रोजचे पहिले २० किलोमीटर माफ. ते यंत्र मिळते कुठं, बसवते कोण, हे विचारेस्तोवर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रालयाचाच खुलासा आला की १ मेपासून देशभर उपग्रह टोल सुरू करायचा निर्णयच झालेला नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत पुन्हा नवी मुदत. आता कमानीवरचा कॅमेरा नंबर प्लेट वाचणार, रीडर फास्टॅग वाचणार, गाडी न थांबता निघून जाणार, २०२६ संपायच्या आत.

सोयीच्या तारखा अशा पुढं सरकत राहिल्या. वसुलीचा नियम मात्र वेळेच्या आधीच आला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. गाडी नाक्यावरून गेल्याची नोंद यंत्रात आहे आणि टोल जमा झालेला नाही, तर ती थकबाकी. ती भरल्याशिवाय गाडी नावावर करायला एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला नाही, फिटनेसचं नूतनीकरण नाही, मालगाडीला नॅशनल परमिट नाही. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग, म्हणजे हीच फिटनेस तपासणी लागते. म्हणजे ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याचीच मान आधी सापडणार. टोल बुडवणाऱ्याला धरा, आमची हरकत नाही. पण पैसे का जमा झाले नाहीत हे शोधायचं काम कोणाचं, ते या नियमात आम्हाला कुठं दिसलं नाही.

पैसे का जमा होत नाहीत, ते मी सांगतो. दिल्लीत बसून ते दिसत नाही.

टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच ती चिप जागी होते आणि उत्तर देते. काचेला धातूची चकाकी असलेली फिल्म लावली, टॅग आरशामागे वर मधोमध न लावता कोपऱ्यात खाली लावला, किंवा एकदा सोलून दुसऱ्या काचेवर चिकटवला, की त्याचं वाचन बिघडते. खडीच्या ट्रकमागे चालणाऱ्या गाड्यांच्या काचा आमच्याकडं फुटतच असतात. काच बदलली की टॅग नवा घ्या, जुना बंद करा, त्यासाठी बँकेचं अॅप आणि ओटीपी. टॅग ठीक असेल तर केवायसी अपुरी, ती पूर्ण असेल तर गाडीची पडताळणी बाकी, आरसी बुकाचा फोटो धूसर, चेसिस नंबर जुळत नाही. यातलं काहीही झालं की टॅग ब्लॅकलिस्ट. मालकाला कळते कधी? दांडा वर जात नाही तेव्हा.

हा दांडा लोकांच्या शिव्या खातो, पण साहेब, आज आमचा पुरावा तोच आहे. टॅग वाचला गेला नाही की नाक्यावरचा पोट्टा हातातलं मशीन घेऊन येतो, काचेला टेकवून पुन्हा वाचतो. तरीही वाचला नाही तर तोंडानं सांगतो, शिल्लक नाही किंवा ब्लॅकलिस्ट दाखवून राहिला. १५ नोव्हेंबर २०२५ ला नियम आला, वैध टॅग नसला तर रोखीनं दुप्पट आणि युपीआयनं सव्वापट, म्हणजे शंभराचे दोनशे नाहीतर सव्वाशे. लुबाडणूकच, पण डोळ्यांदेखत होते आणि पावती मिळते. दुसऱ्या बाजूनं ७ मे २०१८ ची अधिसूचना आहे. टॅग चालू, खात्यात पैसे पुरेसे आणि यंत्रणा मात्र त्यांची बंद, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. ही पावती मागायला अर्ध्या ड्रायव्हर लोकांना माहीत नसते, माहीत असलेल्याला वाद घालावा लागतो. पण वाद घालायला समोर माणूस तरी असतो.

कमानीखालून ८० च्या वेगानं गेलेल्या गाडीला ही शून्याची पावती कोण देईल? तुमचं रीडर त्या घडीला बंद होतं हे सिद्ध कोण करेल, पांढरकवड्याचा पिकअपवाला?

आता पाहुण्यांचं पाहा. तुमच्या कागदावर गाडी, मालक, मोबाइल नंबर आणि चालवणारा ही चारही एकाच घरात राहतात. आमच्याकडं तसं नाही. लग्नसराईत पुण्याच्या जावयाची गाडी मेहुणा चालवते. आजारी माणसाला नागपूरला न्यायला शेजाऱ्याची गाडी निघते. आदिलाबादहून, बैतूलहून वऱ्हाडी येतात, शेगावच्या दर्शनाला कुठकुठल्या पाट्यांच्या गाड्या येतात. टॅग ज्या मोबाइलशी जोडला तो मोबाइल गाडीत नसतो. बाहेरून रिचार्ज करता येते, गाडीचा नंबर टाकून युपीआयनं पैसे भरता येतात, हे खरं. पण ब्लॅकलिस्ट केवायसीमुळं असेल तर हजार रुपये टाकले तरी टॅग उघडत नाही. ओटीपी पुण्यात वाजते आणि गाडी नाक्यावर उभी. उद्या गाडी उभीही राहणार नाही, निघून जाईल. चालवणाऱ्याला काही कळणार नाही, आणि मालकाला कळेल तेव्हा पासिंगच्या खिडकीवर.

सेकंडहँड गाड्यांचं तर बोलूच नका. आमच्या गावांतल्या निम्म्याहून जास्त चारचाक्या सेकंडहँड असतील. मोजदाद कोणी केली नाही, कोणाला करायचीही नाही. गाडी नागपूरच्या किंवा पुण्याच्या एजंटाकडून येते, टॅग जुन्या मालकाच्या नावानं काचेवर तसाच. २०२४ पासून एका गाडीला एकच टॅग. म्हणजे जुना बंद झाल्याशिवाय नवा निघत नाही आणि जुना बंद करायला जुना मालक पाहिजे, जो आता फोन उचलत नाही. आरसीवरचा मोबाइल नंबरही त्याचाच. तो बदलायला परिवहनच्या पोर्टलवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख टाका, आधार जुळवा. हे काम तालुक्याचा ऑनलाइनवाला पैसे घेऊन करते, सर्व्हर चालला तर. नाही चालला तर थकबाकीचा मेसेज जाईल जुन्या मालकाला आणि दंड भरेल नवा.

मग कॅमेरा. जूननंतर आमच्या काळ्या मातीचा चिखल प्लेटवर बसला की पहाटे धुतलेली गाडी पांदणीतून हायवेपर्यंत येता येता पुन्हा तशीच. एमएच २९ मधला ९ अर्धा झाकला की यवतमाळची गाडी एमएच २०, म्हणजे थेट संभाजीनगरची. बी चा ८ आणि डी चा शून्य होणं ही तर कॅमेऱ्याची जुनीच खोड. महाराष्ट्रात एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी प्लेट लावायची मुदत २०२५ मध्ये किती वेळा वाढली ते आपणच आठवा. कारला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, आणि बसवायचं केंद्र तालुक्यात नाही तर पुढच्या तालुक्यात. ज्या पाट्या अजून बदललेल्या नाहीत, त्यांच्यावर तुम्ही वसुलीचा डोलारा उभा करून राहिले.

वार्षिक पासाचंही ऐका. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या, म्हणजे फेरीला १५ रुपये. लय चांगला पास आहे, मी टीका करत नाही. पण तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. संत्रा घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाणाऱ्या छोट्या हत्तीला नाही, कापूस नेणाऱ्या पिकअपला नाही. आणि चालतो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर. मुंबईचा पाहुणा पास काढून निवांत समृद्धीवर चढतो आणि कारंजा लाडला उतरतो तेव्हा खात्यातून पूर्ण पैसे गेलेले. समृद्धी राज्याच्या महामंडळाची, तिथं किलोमीटरचा हिशेब. एप्रिल २०२५ पासून कारला २ रुपये ६ पैसे, ७०१ किलोमीटरचे जवळपास १,४४५. रस्ता कोणाच्या मालकीचा हे पाहुण्यानं ओळखायचं कसं? डांबरावर लिहिलं आहे का? नाक्याच्या २० किलोमीटरच्या आतल्या रहिवाशाला महिन्याला ३५० रुपयांचा पास आहे (हा २०२५-२६ चा दर), तोही बरेच जण नाक्याच्याच खिडकीवर कागद दाखवून काढतात. खिडकी गेली की तो कुठं मिळेल हे आजवर कोणी सांगितलं नाही.

परदेशात हे कधीच झालं आहे, असं आपले अधिकारी सांगतात. झालं आहे, पण तिथलं पूर्ण पाहा. डब्लिनच्या एम ५० रस्त्यावर दांडा नाही. बाहेरच्या गाडीला दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत पैसे भरायची मुभा आहे, आणि रोखीनं दुकानातही भरता येतात. लंडनजवळ डार्टफर्डला दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत. तिथंही नवखे पाहुणे चुकतात, दंड खातात, बोंबा मारतात. पोर्तुगालनं सीमेवर यंत्रं बसवली. परदेशी गाडीवाला तिथं बँकेचं कार्ड घालायचा, गाडीचा नंबर कार्डाशी जोडला जायचा आणि पुढचे ३० दिवस टोल आपोआप कापला जायचा. फ्रान्सच्या पॅरिस ते नॉर्मंडी रस्त्यावर ७२ तास मिळतात आणि पैसे तंबाखूच्या दुकानातही घेतात. तंबाखूच्या दुकानात, साहेब! आमच्याकडं दर चौकात पानठेला आहे. यंत्रणा तयारच आहे म्हणा ना.

म्हणून मागणं एवढंच आहे. टॅग वाचला गेला नाही तर त्या क्षणापासून निदान सात दिवस मूळ दरानं पैसे भरू द्या, दुप्पट नको नि सव्वापटही नको. भरायची सोय पेट्रोल पंपावर, सेतू केंद्रात आणि एसटी स्टँडवर असू द्या, गाडीचा नंबर सांगून, रोखीनं, ओटीपीशिवाय. मेसेज मराठीत पाठवा. त्यात कमान कोणती, वेळ काय, रक्कम किती आणि टॅग का नाकारला हे कारण लिहा, सोबत प्लेटचा फोटो. रीडर बंद होतं तेवढ्या वेळातला टोल आपोआप माफ करा, सिद्ध करायची जबाबदारी वसूल करणाऱ्यावर टाका. आणि थकबाकी पासिंगला जोडण्याआधी तक्रार ऐकायला जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस बसवा. १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवर फोन लावला की तक्रार क्रमांक मिळते. क्रमांक आमच्याकडं भरपूर झाले.

खरं सांगू का, हे फक्त टोलपुरतं राहिलेलं नाही. कापूस सरकारी खरेदीला न्यायचा तर २०२५ पासून अॅपवर नोंदणी आणि स्लॉट. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, पण अॅप अडकलं की व्यापारी म्हणेल तो भाव. पिकाची नोंद अॅपवर, शेतकरी ओळख क्रमांक पोर्टलवर, सन्मान निधीला ई-केवायसी, लाडक्या बहिणीला ई-केवायसी. प्रत्येक खात्यानं आपली खिडकी बंद केली आणि खिडकीवरचं काम आमच्या मोबाइलवर टाकलं. ज्या शिवारात फोन करायला झाडाखालून बांधावर यावं लागते, तिथं. काम आमचं, डेटा आमचा, चूक झाली तर दंडही आमचा. मग सरकार नेमकं काय करून राहिलं, बाप्पा? नागपूर करारात १९५३ मध्ये विदर्भाला काय काय लिहून दिलं होतं ते राहू द्या, तो विषय काढला तर हे पत्र संपणार नाही. पण सहा पदरी रस्त्यावरून नजर जरा खाली उतरवा. हायवेला लागायच्या आधी जी पांदण आहे, तिच्यात आजही पावसाळ्यात बैलबंडी रुतते. तिथं कॅमेरा नाही, कमान नाही, काहून की तिथं वसूल करण्यासारखं काही नाही.

जानेवारीच्या नियमातली एनओसीची आणि पासिंगची अट वर मागितलेल्या सोयी होईपर्यंत स्थगित ठेवा. तसा आदेश लेखी काढा आणि त्याची प्रत यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या अकराही जिल्ह्यांच्या आरटीओ कार्यालयांत भिंतीवर लावा. पोर्टलवर टाकली तर आम्हाला ती सापडणार नाही.

कळावे,

आपला,
एक पिवळ्या पाटीचा गाडीमालक
ता. केळापूर, जि. यवतमाळ