मंत्रीसाहेब, त्या कॅप्सूलचा एक डबा तरी जिल्हा रुग्णालयात ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी मराठवाड्यातला, डॉक्टर वगैरे नाही, पेशंटचा भाऊ आहे.

पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांडीवर काळेनिळे डाग, पाळी थांबेना. सीबीसी केली तर प्लेटलेट १४ हजार. पावसाळा म्हटल्यावर सगळ्यांनी डेंग्यूच धरला, काकूने पपईच्या पानांचा रस काढून आणला अन् त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका मॅडमनी रक्ताची स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली आणि फोन केला, हे डेंग्यू नाहीये, आजच्या आज हलवा.

निघालं एपीएल. ब्लड कॅन्सरचाच प्रकार, पण यात कॅन्सरच्या आधी रक्तस्रावच माणूस नेतो. त्या पेशींमुळे अंगात जागोजागी बारीक गुठळ्या होत राहतात, त्यात प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, खर्ची पडतं, वरून झालेल्या गुठळ्याही विरघळत जातात, मग सुई टोचली तरी रक्त थांबत नाही. घोणस चावल्यावर रक्त गोठत नाही ना, तसलंच काहीतरी. घोणशीसाठी आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा इंजेक्शन ठेवतात, रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतंय का तेही बघतात. मग याच्यासाठी का नाही?

कारण याचंही औषध आहे की. ट्रेटिनॉइन, डॉक्टर एट्रा म्हणतात, व्हिटॅमिन ए च्याच घराण्यातलं, १० मिलिग्रॅमची कॅप्सूल. नुसता संशय आला तरी लगेच सुरू करायची, जनुकाच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, असं आम्हाला नंतर मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं. सोबत प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवायच्या, फायब्रिनोजेन १०० ते १५० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलीमागे) वर, त्यासाठी क्रायोच्या, म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या फायब्रिनोजेनवाल्या भागाच्या, पिशव्या. पुढे आर्सेनिक, हो तेच विष, सलाईनमधून. सुरुवातीचे दिवस निभावले तर १० पैकी ९ पेशंट बरे होतात, कॅन्सरमध्ये असं किती वेळा ऐकायला मिळतं?

आणि आमच्या गावात काय होतं? फायब्रिनोजेनची टेस्ट नाही, सॅम्पल बाहेर पाठवा. ब्लड बँकेत क्रायो नाही. कॅप्सूलचं नाव मेडिकलवाल्याला सांगितलं तर त्याने मुरुमांवर लावायची ट्रेटिनॉइनची ट्यूब काढून दिली! औषध तेच, पण चेहऱ्यासाठी आहे, जिवासाठी नाही. शेवटी आत्तेभावाने पुण्यातून कॅप्सूल घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिल्या आणि मी पहाटे पाच वाजता बायपासला उभा राहून त्या घेतल्या.

बहीण वाचली. पण मोठ्या हॉस्पिटलात तिच्या शेजारच्या बेडवर १९ वर्षांचा एक मुलगा होता, तोच आजार, चार दिवस गावाकडे डेंग्यू म्हणून सलाईन चढवून आलेला. संध्याकाळी आईला म्हणाला डोकं खूप दुखतंय, दिवा बंद कर. रात्री उलट्या झाल्या, बोलणं जड झालं. सकाळी आम्ही चहा घेऊन आलो तर वॉर्डबॉय चादर बदलत होता.

साहेब, एट्रा केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे हे काही चैनीचं औषध नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पहिल्या तीन-चार दिवसांपुरत्या कॅप्सूल ठेवा, फायब्रिनोजेनची टेस्ट तिथेच रात्रीसुद्धा व्हावी आणि क्रायो फ्रीजरमध्ये असावं. कमी प्लेटलेटसोबत रक्त जात असेल तर स्लाइड माणसाने डोळ्यांनी बघायचीच, नुसत्या मशीनच्या आकड्यावर डेंग्यू लिहायचा नाही, असं एक परिपत्रक काढा, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

ट्रीटमेंट संपल्यावर उरलेल्या कॅप्सूल मी आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात द्यायला गेलो होतो. बाहेरून आणलेलं औषध स्टॉकला घेता येत नाही म्हणाले. नियम असेल, मान्य. त्या अजून आमच्या कपाटात आहेत, एक्सपायरी मार्चपर्यंत आहे.

आपला,
एका पेशंटचा भाऊ